एक हजार चार

कार्डलात नोव्हेंबरात साडेतीनलाच दिवे लागतात.
बेटावरच्या संग्रहालयाचा सर्व्हर तळघरात,
लोकरीच्या गिरणीतून आणलेल्या वजनकाट्याशेजारी.
त्याच्यासमोर विर्वे, पायांत मोज्यांचे दोन जोड,
रात्रीचे अकरा, आणि पडद्यावर
सत्त्याण्णव टक्के.
हत्ती गेला. शेपूट राहिलं.

पहिल्यांदा दारच बुटकं निघालं:
आठ एमबी, कुणीतरी कधीतरी ठरवून विसरलेलं.
तिने चौकट उंच केली.
दुसऱ्यांदा पहारेकरी साठ सेकंद थांबून
पाठ फिरवून झोपला. त्याला जागं केलं.
आता तिसऱ्यांदा ओसरी भरली.
फाइल घरात न्यायच्या आधी जिथे टेकवतात
ती जागाच उरली नाही.

"माझं नेट बरोबर आहे," स्योरू बंदरातून तानेल.
सगळ्यांचंच बरोबर असतं.
सतरा वर्षांचा पोरगा. चार तास बसून
ब्याण्णव वर्षांच्या साल्मेकडून त्याने
समुद्रातल्या दगडांची नावं वदवून घेतलीत.
कुठल्यावर सील ऊन खातात,
कुठल्यावर तिच्या बापाची होडी फुटली,
आणि एक, ज्याला नाव नाही,
ज्याच्याकडे बोट दाखवून नुसतं "तो" म्हणायचं.
अकरा जीबी. मध्ये साल्मे दोनदा कॉफी करते, तेही आहे.

"तुकडे करून पाठव," विर्वे म्हणाली.
पाच-पाच एमबीचे बाविसशे तुकडे.
लाइन तुटली तर तुटली,
आलेला तुकडा पुन्हा मागायचा नाही.
आणि ते आले, एकामागून एक,
जोडले गेले, मोजले, बरोबर भरले,
आणि शेवटच्या पायरीवर यंत्र म्हणालं:
परवानगी नाही.

तिने फोल्डर उघडून पाहिलं. नाव: दगड.
मालकाने वाचावं, लिहावं, आत जावं.
इतरांनी यावं, वाचावं,
पण काही ठेवून जाऊ नये.
आणि जिथे मालकाचं नाव असतं, तिथे
१००४.

एंडेल.
एप्रिलमध्ये, दफनानंतरच्या सोमवारी,
तिनेच त्याचं खातं काढून टाकलं होतं.
यादीत तशी एक चौकोनी जागा होती, खूण करायची.
नाव गेलं. आकडा राहिला,
दाराबाहेर विसरलेल्या बुटांसारखा.

तीन सात लिहिले की काम झालं असतं.
सगळ्यांना सगळं, कोठारसुद्धा उघडं.
रात्री या वेळी बोटांना तेच आठवतं.
पेर्नूच्या नोकरीत तिने एकदा लिहिले होते;
आठवड्याभरात तिथे कुणीतरी दुकान थाटून
वजन कमी करायच्या गोळ्या विकत होतं.

म्हणून तिने तानेलला रीतसर खातं दिलं.
यंत्राने पहिला रिकामा आकडा शोधला.
ती पुन्हा यादी बघते तर
सगळीकडे तानेल.
१९९८पासूनच्या फिती तानेलच्या,
हाताने काढलेले नकाशे तानेलचे,
आणि खाली एक फोल्डर, पत्रं,
तेही तानेलचं.

हे चुकीचं आहे हे तिला कळत होतं.
याच्यावर एक परिच्छेद आहे, तिनेच लिहिलेला,
आकडा पुन्हा कुणाला देऊ नये म्हणून.
तिने पत्रं न उघडता आपल्या नावावर केली,
इतरांसाठी बंद केली,
आणि खुर्चीत मागे टेकून
दगडांकडे बराच वेळ पाहत राहिली.
त्यांना हात लावला नाही.

फोन वाजला.
"इथे लिहिलंय, २००३ साली मी अठरा दगड नोंदवले.
विर्वे, तेव्हा माझा जन्मही झाला नव्हता."

"हो," ती म्हणाली.
"फाइल वर जातेय का, तेवढं सांग."